वासाच्या पाण्याची परवानगी

मेटगळ्ळीत आमच्या गल्लीच्या बोअरला रसायनाचा वास येऊ लागला. कोणत्या कारखान्यांना सांडपाणी जमिनीत सोडायची परवानगी आहे ते राज्याने कळवलं, तरच तपासणी करू, असं केंद्राच्या भूजल खात्याने सांगितलं. म्हणून मी राज्याच्या कार्यालयात गेले.

तिथल्या साहेबांचं नाव मला ठाऊक नाही. दर वाक्यानंतर पेपरवेट सरळ करायची त्यांना सवय होती. मी मराठी आहे हे कळताच ते कन्नड सोडून आपल्या घरच्या मराठीत बोलू लागले आणि त्यांनी कॉफी मागवली.

“माहिती सगळी आहे की, अक्का. पण दिल्लीला दिली तर ते आम्हालाच प्रश्न विचारतात. सुम्मे उगाच कशाला?”

“विचारू देत. त्यासाठीच बसलेत ते.”

त्यांनी हसून पेपरवेट सरळ केलं. मी उठले तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, “घरात लहान मुलं असतील तर ते पाणी देऊ नका हं, अक्का.”

त्यांनी अरेरावी केली असती तरी आला नसता एवढा राग मला या काळजीचा आला. गल्लीत मी त्याच संध्याकाळी घरोघर सांगितलं. पण त्याच कारखान्यांच्या पलीकडे बेळगोळ गाव आहे, तिथेही बोअरचंच पाणी पितात; तिथून त्यांच्याकडे कॉफीला कोण जाणार आहे?