मामाच्या खेळावरचे ओरखडे

मामानं अमेरिकेहून टीव्हीवर खेळायचा खेळ पाठवला, तेव्हा सोलापुरात टीव्ही दिसतच नव्हता. पुण्यापर्यंत आलाय म्हणे, आमच्याकडे कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ओळखीच्या माणसानं आणून दिलेल्या खोक्यातून सायीच्या रंगाचा प्लॅस्टिकचा डबा निघाला, त्याला दोन गोल खुंट्या. त्या फिरवून टीव्हीच्या पडद्यावरचा चेंडू दोघांनी एकमेकांकडे टोलवायचा. मामाला खरं ते कळवावं, असं वडिलांचं मत. आई म्हणाली, "कशाला? एवढ्या हौसेनं पाठवलंय, वाईट वाटंल की त्याला." मामा तिचा धाकटा भाऊ, तिच्या कडेवर वाढलेला. विषय तिथंच मिटला.

पण डब्यात सेल घातले की त्यातून आवाज यायचा. चेंडू खुंटीनं टोलवला गेला तर 'टुक', कडेला आपटला तर 'टक', आणि सुटला तर एक लांब रडका सूर. मी आणि धाकटी बहीण कोऱ्या भिंतीसमोर मांडी घालून, नुसत्या कानांनी खेळायचो. गल्लीतली पोरं आम्हाला येडी म्हणायची. म्हणू देत. पुढं टीव्ही आला, खेळही आले, पण तसा नाद मला पुन्हा कशाचाच लागला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सायकल आणि शिवणयंत्र पूजेला बसायचं. त्या वर्षी मामाचा खेळही बसला. आईनं त्याला तेलात कालवलेलं कुंकू चांगलं ठसठशीत लावलं. नंतर पुसायला गेली तर ते प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं. मग पितळी तांब्याला जे करायची तेच तिनं केलं. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि जोर लावून घासलं. कुंकू गेलं, आणि डबा मांजरानं ओरबाडल्यासारखा दिसायला लागला.

नेमका तेव्हाच मामा येत असल्याचा निरोप आला. इतक्या वर्षांनी भाऊ येणार, तर आईनं हरखून जायचं. तिचा चेहराच उतरला. "काय म्हणंल तो? अक्काला माझ्या वस्तूची किंमत नाही म्हणंल."

आधी तिनं खोबरेल चोळलं. डबा लखलखला, पण तेल पुसल्यावर ओरखडे पुन्हा हजर. "आता गोवरी लावून बघ," वडील म्हणाले. बोलणं तिरकं, पण पांढरी दंतमंजनाची पूड त्यांनीच आणून दिली. घड्याळाच्या काचेवरचे ओरखडे घालवायला घड्याळवाला हीच लावतो म्हणे. मग रोज दुपारी आई आणि मी खिडकीशी बसायचो. धोतराचा ओला तुकडा, त्यावर चिमूटभर पूड आणि हलक्या हातानं गोल गोल घासायचं. पुसायचं, उजेडात तिरपं धरायचं, पुन्हा घासायचं. घासता घासता आई मामाच्या लहानपणात शिरायची. "सागरगोट्यात हरला की जेवायचाच नाही बघ. मग मीच मुद्दाम हरायची." आईला एवढं मोकळं बोलताना मी एरवी पाहिलं नव्हतं. ओरखडे सरू नयेत असं मला वाटायचं.

तरी सरलेच. खुंटीजवळचा एक खोल ओरखडा तेवढा हटला नाही.

मामा आला. चहा घेता घेता त्याचं लक्ष कपाटावर गेलं. डबा हातात घेऊन तो फिरवत राहिला. "अक्का, हा तर नवाच आहे की. पोरींनी हातसुद्धा लावला नाही? आवडला नाही होय?"

त्याचा आवाज पडला होता. आईनं माझ्याकडं पाहिलं. मग पुढं होऊन तिनं मामाचं बोट धरलं आणि त्या खोल ओरखड्यावर टेकवलं. "नवा कुठला? हे बघ. तू यायचास म्हणून घासून घासून हात मोडले माझे!" आणि कुंकू, राख, टीव्ही नसणं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

मामाला हसावं की रडावं कळेना. "टीव्ही नाही? मग खेळता कसं बे?"

मी सेल घातले. मामा विलायती पँट सावरत भिंतीसमोर बसला, शेजारी आई. टुक. टक. टुक. दोघांचे डोळे कोऱ्या भिंतीवर. मामा पुढं झुकला, ओठ दाताखाली धरले.

मी आईच्या मागंच उभी होते. तिनं हळूच खुंटीवरचा हात काढून पदरात घेतला.

रडका सूर वाजला. "हरले बघ बाबा," आई म्हणाली, आणि डोक्यावरचे केस विरळ झालेल्या मामानं टाळी वाजवली.