निर्माल्यातली बडीशेप

एकमेकांच्या पायावर पाय देत चालणाऱ्या काशीत मोकळ्या जागेवर जीव टाकणारा एकच मनुष्य निपजला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा. आतोबा पाठशाळेत विद्यार्थ्यांना वीतभर अंतर ठेवून बसवीत. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी पंगत पडली की पाटसुद्धा स्वतः मोजून सरकवीत. "दाटीत रोप वाढतं, पिकत नाही, माणसाचंही तेच," असं त्यांचं म्हणणं. इंग्रज सरकारच्या शेतीखात्याच्या कुठल्याशा पत्रकात त्यांनी हेच छापलेलं वाचलं आणि आतोबा हातचे गेले. गंगेपलीकडच्या रामनगरच्या एका जमीनदाराकडून त्यांनी बडीशेपेसाठी तुकडा मिळवला. अट एकच: शेजारच्या माळ्यापेक्षा बी जास्त आलं नाही, तर चैत्रात जमीन परत. पाठशाळेतली नोकरी सुटल्यापासून गप्पगप्प झालेले आतोबा त्या तुकड्यामुळे पुन्हा बोलू लागले होते, म्हणून आत्याचा जीव त्या अटीत अडकला होता.

आणि इथेच आतोबांनी अक्कल गहाण टाकली. हरायच्या धास्तीने त्यांनी स्वतःच सोडलेल्या मोकळ्या जागेत पुन्हा बी टाकलं. वर खत म्हणून देवळातलं निर्माल्य नावेतून नेऊन पसरलं. पीक असं माजलं की खालची माती दिसेना, नुसता पाला. माळी म्हणाला, "पंडितजी, दाना ना पड़ी. आधा उखाड़े के पड़ी." पण उपटायचं कोणी? आतोबांना जितं रोप उपटवेना, आणि माळी निर्माल्यावर पाय देईना. "देवी के फूल पर गोड़ कैसे धरीं?" तुरे धरायचे दिवस जवळ येत होते आणि आतोबांचं जेवण तुटलं होतं.

शेवटी एका सकाळी आत्या नावेत बसली. मीही गेलो. काशीत लोक आवडती वस्तू देवाला सोडतात, आणि आत्याला जेवणावर चिमूटभर बडीशेपेवाचून चैन पडत नसे. बांधावर तिने हात जोडले. "आई, पाप माझं. आजपासून बडीशेप सोडली," म्हणाली आणि सरळ वाफ्यात उतरली. ती एकाआड एक रोप उपटत होती. आतोबा गंगेकडे तोंड करून उभे होते. "और किती राहिली ग?" एवढंच मधूनमधून विचारत होते.

चैत्रात माळ्यापेक्षा बी जास्त भरलं. जमीन राहिली. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांपुढे तीच बडीशेप यायची. एकदा माझ्या लक्षात आलं, तबक आतोबांपाशी आलं की ते न घेताच पुढे सरकवतात.

"तुम्ही कधी सोडलीत?"

"तिने सोडली त्याच दिवशी. तिला सांगू नको, रागावेल."

मी सांगितलं नाही. आज दोघंही नाहीत, आणि सांगायला हवं होतं असं वाटत राहतं.