एक जुलैचे एकशे तेरा वाढदिवस

मी आज जो काही आहे तो देवगडे गुरुजींमुळे आहे, आणि जन्मलो तोही त्यांच्यामुळेच. (आईचाही हातभार होता, पण तारीख गुरुजींची.)

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा जवळच्या मूल शहरातल्या राइस मिलमध्ये पोती वाहायचे. गुरुजींनी मला गावच्या शाळेतून उचललं, मूलच्या हायस्कुलात घातलं, चंद्रपूरच्या कॉलेजचा फॉर्म स्वतःच्या पेनानं भरला आणि गावातला पहिला बी.ए. करून ठेवला. पुढे त्यांची बदली जिवतीच्या डोंगरात झाली आणि मी गावात त्यांच्याच जुन्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. एवढे उपकार फेडायचे कसे? मी ठरवलं, शाळेत दिनविशेष सुरू करायचा!

फळ्यावर वरच्या अर्ध्या भागात जगातल्या घडामोडी आणि थोरांचे जन्मदिवस. खालच्या अर्ध्यात 'आपल्या गावातले वाढदिवस'. आपली माणसं थोरांच्या खाली, पण एकाच फळ्यावर! चौऱ्याऐंशीच्या उन्हाळी सुटीत मी शाळेची जुनी दाखल-रजिस्टरं घेऊन बसलो. जानेवारी, कोणी नाही. फेब्रुवारी, कोणी नाही. मे संपेपर्यंत एक. (ती कंपाउंडरची मुलगी.) आणि एक जुलै? एकशे तेरा!

शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी बी.ए. होतो. मला वाटलं, असं गाव जगात दुसरं नसेल! कारण काय असावं? पाणी? तांदूळ? मी नव्या वहीवर 'संशोधनाची दिशा' असं शीर्षकही टाकलं. त्यात माझी तारीख तीच, बाबांचीही तीच! बापलेक एकाच दिवशी! माझा ऊर भरून आला.

एकशे तेरा नावं फळ्यावर मावेनात. शाळेचे शिपाई रहीमभाऊ म्हणाले, "मास्तर, बाहेरची भिंत रिकामी आहे. गेरूनं लिवा नं."

मी लिहिलं. उत्साहाच्या भरात प्रत्येक नावापुढे वयही लिहिलं. सगळ्यात वर बाबा, वय ३७. त्यांच्या खाली मी, वय २६. दोन्ही आकडे एकाखाली एक होते. मला दिसले नाहीत. मला फक्त अक्षर दिसत होतं. फार सुरेख आलं होतं!

सांगायचं राहिलं, त्याच एक जुलैला गडचिरोलीहून पाहुणे येणार होते. मी मुलगी पाहून आलो होतो. सुनंदा. चहाचा कप देताना तिनं विचारलं होतं, "तुमच्या शाळेत पुस्तकं किती आहेत?" एवढ्यावर माझा निकाल लागला होता! आता तिच्या वडिलांनी घर पाहून 'हो' म्हणायचं, तेवढंच बाकी होतं. तिचे वडील मेश्रामबाबू सागाच्या डेपोत कारकून होते. सारी नोकरी लाकडाचे नग मोजण्यात गेलेली. सोबत सुनंदाची आई वत्सलाबाई. त्यांचं माहेर आमचंच गाव.

बस शाळेपुढेच थांबते. पाहुणे उतरले तर भिंतीपुढे अर्धं गाव! पोरं वाढदिवसाच्या गोळ्या मागत होती आणि म्हातारे आपापली वयं दुसऱ्याकडून वाचून घेऊन खूश होत होते.

"हे काय होय?" मेश्रामबाबूंनी विचारलं.

"दिनविशेष, बाबूजी!" मी छाती पुढे काढली.

बाबूंनी चष्मा लावला. त्यांचं बोट वरच्या नावावर गेलं, मग खालच्या. ओठ हलले.

"मास्तर, हे तुमचे वडील नं?"

"हो जी!"

"सदतीस?"

"आजच पूर्ण झाले!"

"अन् तुम्ही सव्वीस. सदतीसातून सव्वीस गेले?"

"अकरा!" मी पहिल्या बाकावरच्या पोरासारखं खणखणीत उत्तर दिलं, आणि मग ते ऐकलं.

गर्दीत मागून कोणीतरी "अरे बाप्पा!" एवढंच म्हणालं.

"मंग हे सावत्र वडील होय का?" बाबूंनी आवाज उतरवून विचारलं.

नेमकी आई त्याच वेळी रव्याचा पुडा घेऊन दुकानातून येत होती. "सावत्र? काऊन जी, मले किती नवरे करून देता?"

"बाई, मी नाई म्हणून राह्यलो. भिंत म्हणून राह्यली!"

"कोणी लिवलं हे?"

अख्ख्या गावानं माझ्याकडे बोट दाखवलं. एवढी एकी मी आमच्या गावात पुन्हा कधी पाहिली नाही.

तेवढ्यात बाबा मिलमधून आले, अंगभर कोंडा. त्यांना सगळं सांगितलं तर ते हरखलेच! "सदतीस? राहू द्या नं! मिलमध्ये मले म्हातारा म्हणून राह्यले. उद्या मालकालेच आणतो इथी."

मेश्रामबाबूंनी पिशवी उचलली. "परतीची बस किती वाजता आहे?"

सुनंदा गेली, आणि तीही माझ्या सुरेख अक्षरामुळे!

"थांबा बाबूजी," रहीमभाऊ म्हणाले आणि आतून रजिस्टर घेऊन आले. "देवगडे गुरुजी नवे आले तवा ह्याचा बाप सोळा वर्षाचा, म्हशी चारे. मिसरूड फुटलेली. गुरुजींनं धरून आणलं. परीक्षा एकच, हात डोक्यावरून न्या अन् पलीकडचा कान पकडा. पकडला की सहा वर्ष पुरे. यानं कान तर पकडलाच, गाल बी खाजवला! गुरुजींनं लिवलं, वय सहा, जन्म एक जुलै. सगळ्याईचं तेच."

"एकशे तेराही?" मी विचारलं.

"सगळ्याईचं, मास्तर."

"माझं?"

"तुम्ही धान कापणीतले."

माझं संशोधन तिथेच आटोपलं.

पण बाबू ऐकेनात. "असं कुठी असते? कागद म्हणजे कागद!"

रहीमभाऊंनी बोट ओलं करून पान उलटलं. "मंग हे पाहा. वत्सला. इयत्ता पहिली, वय सहा. दोन वर्षानं नाव कमी. कारण, लग्न." त्यांनी रजिस्टर मिटलं. "आठ वर्षाच्या पोरीशी लगन, बाबूजी? तुमच्यावर तर केस होते!"

बाबू बायकोकडे वळले. "तू तवा पंधराची होतीस नं?"

वत्सलाबाई पदराआड हसत होत्या. "होती जी. पण कागद म्हणजे कागद!"

बाबूंनी पिशवी खाली ठेवली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि डेपोत हुकूम सोडावा तसे म्हणाले, "आधी ते भिंत पुसा. मंग चहा मांडा."

चहा झाला, लग्नही झालं. गेरू मात्र तीन पावसाळे गेला नाही. दोन वर्षांनी मी गुरुजींना जिवतीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते असं होतं:

आदरणीय गुरुजी,

सप्रेम जयभीम.

आपण दिलेल्या तारखेवर मला नोकरी लागली, आणि लग्न मोडता मोडता जमलं. आता कळवण्यास अतिशय आनंद होतो की सुनंदाला मुलगी झाली. मूलच्या दवाखान्यात, सकाळी साडेनऊला. तारीख एक जुलै.

गुरुजी, ही खरी आहे! नर्सबाई घड्याळाकडे पाहत होत्या. पण ग्रामसेवकाकडे नोंद करायला गेलो तर ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, माझ्यापुढे तरी खरी सांगा." बाबा विचारतात, "कान पकडला का तिनं?" सासऱ्यांना दवाखान्याचा कागद दाखवला तर म्हणतात, "हा तुम्ही तर नाई लिवला?" गावात एकाही माणसाचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही.

आपण माझ्यासाठी आजवर इतकं केलंत, एवढं आणखी करा. पोरीला दुसरी एखादी तारीख सुचवा. खरी वाटेल अशी.

आपला आज्ञाधारक,
धान कापणीतला विद्यार्थी