पावण्याचं टेंगूळ

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूर सोडून समुद्राकाठच्या एका छोट्या विमानतळावर अग्निशमन दलात नोकरीला लागलो. आग कधी लागायचीच नाही. आम्ही बंबाची गाडी धुवायचो आणि वाऱ्यानं उडालेल्या एकमेकांच्या टोप्या पकडून आणायचो.

एका दुपारी वारा असा पिसाळला होता की उतरणारं एक इवलंसं विमान धावपट्टीवर टेकलं, कलंडलं आणि पलीकडच्या वाळूत उलटं होऊन पडलं. आत एकटाच पायलट होता. सगळ्यांत आधी मी पोचलो. बघतो तर हा गडी पट्ट्याला वटवाघळासारखा उलटा लटकलेला, पण ठणठणीत! मला बघून तो दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता. वाऱ्यात ऐकू येईना. आणि खरं सांगायचं तर, समोरच्याचं ऐकून घ्यायची आम्हा कोल्हापूरकरांना सवयही नाही.

"घाबरू नका पावणं, मी हाय की!" असं म्हणून मी त्याच्या पट्ट्याचं बक्कल सोडलं.

तो धाडकन डोक्यावर आपटला. मग कळलं, मघापासून तो ओरडत होता, "पट्टा सोडू नका!" त्या अख्ख्या अपघातात झालेली एकमेव दुखापत म्हणजे त्याच्या डोक्यावरचं ते टेंगूळ.

घरी फोनवर मी अर्धंच सांगितलं. सुट्टीवर आलो तर आईचे गल्लीभर पेढे वाटून झालेले. येईल त्याला ती सांगत होती, "माझ्या लेकानं इमानातला माणूस खाली काढला की!"

यात खोटं काहीच नव्हतं. मी गुमान पेढा खाल्ला.