व्याह्यांच्या अंघोळीचं पाणी

आमचा मुलूख हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला तेव्हापासून लोहाऱ्यात हैजाला कागदोपत्री पटकी म्हणू लागले. रोग तोच राहिला. थोरल्या लेकीचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावात पटकी आल्याचं कानावर आलं आणि तहसिलातून हुकूम निघाला. ज्या गल्लीत लग्न, त्या गल्लीच्या नालीचं पाणी आधी तपासायचं. पाण्यात रोग नसला तर पंगतीला परवानगी, नाहीतर पाहुण्यांनी अक्षता टाकून उपाशी घरी जायचं.

आणि भूमचे आमचे व्याही आधीच बजावून गेले होते, "देण्याघेण्याचं आमचं काय न्हाय. पण पंगत पायजे. पंगत न्हाय झाली तर लग्न पुढल्या साली."

आमची नाली वीतभर रुंद, अकरा घरांच्या दारांवरून वाहणारी. उताराला शेवटचं घर माझं. आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टरांनी जाळीच्या कापडाची मुठीएवढी पुरचुंडी सुतळीला बांधली आणि माझ्या दारासमोर नालीत सोडली. म्हणाले, "कुणाच्या पोटात रोग असला तर त्याचे जंतू वाहत येऊन ह्या कापडात अडकतात. परवा काढीन, पिळून बाटलीत भरीन, सोलापूरला पाठवीन. माणूस अंथरुणाला लागायच्या आधी आपल्याला कळतं."

मला युक्ती पटली. एकेकाला तपासायचं तर त्रेपन्न माणसं, नाली एकच.

गल्लीला मात्र एवढंच कळलं, की सरकार आपलं पाणी बघणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा घरच्या बायका काथ्या आणि विटेची भुकटी घेऊन नालीत उतरल्या. शेजारच्या काकींनी काठाला रांगोळी घातली. समोरच्या पेन्शनर मास्तरांनी वरच्या अंगाला तुरटी फिरवली. माझ्या बायकोनं विहिरीचं पाणी ओतलं, सहा बादल्या. खरकटं-मोरीचं पाणी ज्यानं त्यानं परसात घमेल्यात, हंड्यात, जुन्या रांजणात साठवून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांनी पुरचुंडी वर काढली. घातली त्याहून पांढरी झाली होती. त्यांनी नाकाजवळ नेली.

"याला गुलाबपाण्याचा वास कसा?"

"आमच्या पाण्याला असाच येतो, साहेब," काकी म्हणाल्या.

"बाई, मला नालीचं पाणी पाहिजे, तीर्थ नको!" त्यांनी नवी पुरचुंडी सोडली आणि माझ्याकडे वळले. "घाण पाणी आलं नाही तर तपासणी नाही. तपासणी नाही तर पंगत नाही."

मग मी दारोदार घाण पाणी मागत फिरलो. लेकीच्या लग्नासाठी बापाला काय काय मागावं लागतं याचा अंदाज होता, पण हे त्यात नव्हतं.

काकी म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडं घाण होतच न्हाय. पलीकडं विचारा."

पलीकडचे म्हणाले, "काकींना विचारा."

मास्तर म्हणाले, "मी दोन वेळा अंघोळ करतो. मळ आणू कुठून?"

मी हिशेब मांडला. माणशी दोन बादल्या धरल्या तरी त्रेपन्न माणसांच्या एकशे सहा बादल्या रोज निघायला हव्यात आणि नालीत चिमणी बुडेल एवढंही पाणी नाही. हा हिशेब मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "मग आपल्याच सोडू का पयल्यांदा? लेकीच्या लग्नात लोक म्हणतील, गल्लीत घाण पाणी एकट्या ह्यांचंच."

आमचा रांजणही भरत आला होता.

त्या दुपारच्या एस.टी.नं व्याही आले, विहीणबाई, लेक आणि तिचं तान्हं बाळ घेऊन. पानं किती मांडायची ते ठरवायला आले होते. रस्ता धुळीचा, खिडकीला काच नाही. व्याह्यांच्या मिशा कुठल्या आणि ओठ कुठले ते कळत नव्हतं. बायकोनं पाणी तापवलं आणि ते न्हाणीत शिरले.

थोड्या वेळानं आमच्या मोरीतून जे पाणी बाहेर पडलं, तसं काळं पाणी लोहाऱ्यानं त्या उन्हाळ्यात पाहिलं नव्हतं.

"आलं! आलं!" मास्तर ओरडले. दारं उघडली, गल्ली काठाला जमली.

"कुणाचं हो?"

"व्याह्यांचं!"

"पाव्हण्यांचं व्हय?" काकींनी एकदा इकडंतिकडं पाहिलं, घरात गेल्या आणि घमेलं आणून रिकामं केलं. मागोमाग पलीकडचा हंडा. मग मास्तरांचे दोन डबे. घाणीला एकदा परगावचा धनी मिळाल्यावर कुणालाच लाज उरली नाही. आमचा रांजण मी आणि बायकोनं मिळून कलंडवला. नाली दुथडी भरली, रांगोळी वाहून गेली. इन्स्पेक्टर धावत आले आणि आनंदानं विचारू लागले, "हे कुणाचं पाणी?"

सगळ्यांनी बोट दाखवलं. व्याही पंचा नेसून दारात उभे होते.

"काय चाललंय, व्याही?" त्यांनी मला विचारलं.

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हुकूम, पुरचुंडी, पंगत, सगळं सांगितलं. लग्न मोडलं असंच मी धरून चाललो.

व्याह्यांनी वाकून नालीत पाहिलं. "म्हणजे आमच्या अंघोळीवर पंगत अडली व्हती?"

"होय."

ते आत वळून ओरडले, "अगं, बाळाची दुपटी धुतलीस का न्हाय? धू लवकर, सायेब उभे हायेत!"

पाण्यात पटकी नाही असा कागद सोलापूरहून आला आणि त्या दिवसापासून ते पाणी गल्लीचं झालं. मास्तर म्हणत, त्यात त्यांचे दोन डबे होते.

पंगत बसली. पहिला घास घ्यायच्या आधी व्याही पानावरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, निवांत जेवा. माझं पाणी सोलापुरात पास झालंय."

काकी बुंदी वाढत होत्या. त्या तिथंच थांबल्या. "तुमचं एकट्याचं कसं, पाव्हणं? माझं घमेलं मोजलंच न्हाय व्हय?"

निम्मी पंगत होईपर्यंत कोणाचं किती यावर वाद चालला. मी आकडे सांगू शकलो असतो, पण जिलबी गरम होती.