चुनखडीची ओळ

गजूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो. म्हणजे आता ती माझी आहे, चिखलीतल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेतली, पण नऊ वर्षं बसूनही ती मला कधी माझी वाटली नाही. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हो तुमचे भाऊ... बसल्या बसल्या." मी "अरेरे" म्हणालो, फोन ठेवला आणि समोरचा अहवाल छापायला टाकला. एवढा निगरगट्टपणा अंगात मुरायला वेळ लागतो. माझ्यात तो कसा मुरला, ते आज सांगतो.

भाऊ चिखलीजवळच्या उंद्रीचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी कामाला लागलो तेव्हा प्रयोगशाळेचा सगळा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं लिहिलेला होता, तोही पास्कलच्या घराण्यातल्या एका जुन्या भाषेत. जगानं ती भाषा कधीच सोडली होती. मी तसं म्हटलं की ते म्हणायचे, "अबे पक्या, चालत्या बैलाले काऊन विकतं?" त्या प्रोग्राममध्ये मातीचा प्रत्येक नमुना म्हणजे एक ऑब्जेक्ट, माहितीचं एक गाठोडंच; सामू, क्षारता, स्फुरद, पालाश, चुनखडी हे त्याचे गुणधर्म. आणि भाऊंचा सगळ्यात लाडका तुकडा म्हणजे 'झडती'. प्रोग्राम चालू असतानाच ही झडती ऑब्जेक्टला विचारायची, बाबा, तुझ्याजवळ काय काय आहे? तो जे सांगेल ते नावासकट अहवालात छापायची. उद्या नवा गुणधर्म वाढला तरी छपाईच्या कोडला हात लावायला नको. अट एकच, तो गुणधर्म 'पब्लिश्ड' या मथळ्याखाली लिहिलेला हवा. 'पब्लिक'खाली लिहिला तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो, आकडा स्क्रीनवरही येतो, पण झडतीला तो दिसत नाही. माझ्या डोक्यात हे शिरेना तेव्हा भाऊंनी मला बोलता बोलताच सोयरिकीला नेलं. "पोरगी पाहाले गेलं की पाव्हणे जेवढं सांगतीन तेवढंच आपल्याले समजते ना? ते पब्लिश्ड. बाकीचं घरात हायच, पण झडतीले कोण सांगून राह्यलं?"

समजलं. इतकं समजलं की मी शहाणा झालो. त्यातच पुण्याला पंधरा दिवसांचं एक शिबिर करून आलो होतो. तिथं कुणीतरी सांगितलेलं, कोडमध्ये जेवढं कमी उघडं तेवढं चांगलं. परत आलो तर भाऊ आठवडाभर रजेवर. मी लगेच साफसफाई काढली. सात गुणधर्म उचलून 'पब्लिक'खाली नेले, अहवाल छापला, तर तो निम्मा कोरा! घाबरून एकेक परत जागेवर ठेवू लागलो. सहा ठेवले, तेवढ्यात गरम कचोरी आली... सातवा गुणधर्म चुनखडी. मी कचोरी खाल्ली, हात पुसले आणि घरी गेलो.

त्या उन्हाळ्यापासूनचे सगळे अहवाल चुनखडीवाचून गेले. जागा रिकामी राहिली असती तर कुणाला तरी खटकली असती. पण इथं ओळच नव्हती, आणि नसलेली ओळ कुणाला दिसणार? पुढच्या वर्षी संग्रामपूरचे एक बागायतदार आमचा अहवाल घेऊन आले. सोबत पिशवीत संत्र्याची पिवळी पडलेली पानं. "चुनखड जमीन हाय म्हून एक शब्द लिहिला असता तं म्या झाडं लावलीच नसती!" त्यांचा आवाज चढला. भाऊंनी कोड उघडला. चुनखडी 'पब्लिक'खाली. ते स्क्रीनकडे बघतच राहिले. कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. "माह्याच हातून राह्यलं असंन," ते म्हणाले. मी त्यांच्या मागं, हातभर अंतरावर उभा होतो. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या मालकांनी विचारलं, "दुसऱ्या कोणी हात लावला होता का?" भाऊ म्हणाले, "नाही साहेब, कोड माझा आहे." मी पानांच्या पिशवीकडे बघत होतो. मनात म्हटलं, उद्या सांगू.

महिन्याभरात भाऊंना काढलं आणि त्यांची खुर्ची मला दिली. मग काय सांगणार? ते उंद्रीला घरूनच शाळांचे दाखले, निकाल यांचे छोटे प्रोग्राम करू लागले. मी अधूनमधून जायचो, ते चहा पाजायचे, "झडती चालते ना बे नीट?" असं विचारायचे. हाव भाऊ, मी म्हणायचो.

तेरवीनंतर आठेक दिवसांनी गेलो तर वहिनींनी एक वही पुढं केली. प्रत्येक कामासाठी एक पान, त्यावर प्रोग्राममधल्या एकूण एक गुणधर्माचं नाव पेनानं लिहिलेलं, आणि छापून आलेल्या कागदाशी ताडून समोर बरोबरची खूण. "तवापासून त्याईचा सोतावरचा भरोसाच गेला होता," वहिनी म्हणाल्या. "आपल्यापायी एकाची बाग गेली, हेच धरून बसले." ज्या माणसानं यंत्राला स्वतःहून बोलायला शिकवलं होतं, तो नऊ वर्षं हातानं खुणा करत बसला होता. तेव्हा मी बोललो. कचोरीसकट सगळं सांगितलं.

वहिनींनी वही मिटून परत घेतली. मग म्हणाल्या, "हे त्याईले सांगाले पाह्यजे होतं. मले सांगून काय होते?" मी उठू लागलो, तशा त्या म्हणाल्या, "त्याईचं नाव चार लोकाईत गेलं ना भाऊजी? मंग चार लोकाईतच सांगा. पेपरात लिहा."

म्हणून लिहितो आहे. त्या अहवालातली चुनखडीची ओळ गजानन भाऊंनी गाळली नव्हती. ती मी गाळली होती, आणि बागायतदार आले त्या दिवसापासून मला ते माहीत होतं. संग्रामपूरला जाऊन त्या बागायतदारांनाही सांगून आलो. ते एवढंच म्हणाले, "त्या माणसाले म्या काय काय बोललो हो..."

त्या दिवशी उंद्रीहून निघताना मी वहिनींकडे ती वही मागितली होती. त्यांनी ती पदराआड धरली. "आधी छापून येऊ द्या," म्हणाल्या.