अजून न झालेला आजार

थोरलीचा कान दुखत होता म्हणून मी दवाखान्यात गेले होते. माझं स्वतःचं काहीच दुखत नव्हतं. हे मुद्दाम आधी सांगते, कारण त्या दुपारी मी परतले तेव्हा मुलीच्या कानात औषधाचा बोळा होता आणि माझ्या डोक्यात अशा एका आजाराचं नाव होतं, जो मला झालेलाच नव्हता.

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमचं बऱ्हाणपूर होतं तिथंच राहिलं, पण नागपूर, अकोला दुसऱ्या राज्यात गेले. माझे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीतला व्यवहार हिंदीत होऊ लागला होता, म्हणून ते रोज संध्याकाळी ओसरीवर बसून हिंदी अर्ज गिरवायचे. दवाखान्यातली डॉक्टरीणबाईही त्याच उलथापालथीत आलेली, नागपूरकडची. वयानं माझ्यापेक्षा फार मोठी नसावी. बोलायची थोडं, विचारायची फार.

कान तपासून झाल्यावर तिनं मुलीला खाली उतरवलं आणि सहज म्हणाली, "चांगली धष्टपुष्ट आहे. जन्मली तेव्हा केवढी होती?"

"साडेचार शेर," मी म्हणाले. म्हणजे आजचे चार किलोच्या वर. म्हणताना मला अभिमानच वाटला.

तिनं लिहिणं थांबवलं. "वजन कुणी केलं?"

"सासऱ्यांनी. दुकानातल्या तराजूवर."

गावातल्या बुधवारा भागात सासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं. बाराव्या दिवशी त्यांनी नातीला धुतलेल्या पंच्यात गुंडाळून पारड्यात ठेवलं होतं आणि दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत गेले होते. बघायला अर्धी गल्ली गोळा झाली होती. घरी दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, वाटला गेला. मुलीच्या जन्माला दराबा वाटणारी घरं तेव्हा फार नव्हती. वाटला गेला तो तिच्या वजनापायी.

"आणखी मूल?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"एक मुलगा झाला होता. दुसऱ्या दिवशी गेला."

"त्याचं वजन?"

दोन वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "पाच शेराच्या वर. त्याला जन्मल्या जन्मल्याच तोललं होतं."

मुलगा जन्मला तेव्हा गुलाबी, गुबगुबीत होता. सुईण म्हणाली, असं मूल मी हातात घेतलेलं नाही. संध्याकाळ होईतो तो दूध ओढेनासा झाला. मान टाकायला लागला. मग हातापायांना झटके आले, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत सगळं संपलं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. तराजूत ठेवायला नको होतं. सासऱ्यांनी त्यानंतर कुणाचंच मूल तोललं नाही, कुणी विनवायला आलं तरी. मीसुद्धा दृष्ट लागली असंच धरून चालले होते. दुसरं काही धरून चालायला माझ्याकडे नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं मग माझ्या माहेरचं विचारलं. माझे वडील खकनारकडचे, केळी आणि कापूस करणारे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते कशानं गेले, असं तिनं विचारल्यावर मी सांगितलं की पाठीवर काळपुळी झाली आणि भरून आलीच नाही. त्याआधी काही? त्याआधी तहान फार लागायची, रोडावले होते, आणि ते लघवीला बसायचे तिथं मुंग्या जमायच्या. हे शेवटचं मी हसत सांगितलं, कारण आम्हा भावंडांत तो लहानपणापासून हसण्याचाच विषय होता. ती हसली नाही.

तिनं मला एक बाटली दिली आणि आत जाऊन लघवी आणायला सांगितली. मग माझ्यासमोरच एका काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात काही थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. म्हणाली, साखर असली तर हे हिरवं होईल, जास्त असली तर पिवळं, फारच असली तर विटेसारखं लाल. औषध उकळलं, पण निळंच राहिलं.

"साखर नाही," ती म्हणाली.

मी मुलीला कडेवर घेतलं, निघायला लागले.

"बसा बाई," ती म्हणाली. "आज नाही, एवढंच ह्यानं कळतं. तुम्हाला मधुमेह नाही. पण वडिलांना होता, हे मला जवळजवळ नक्की वाटतं. आणि तुमची दोन्ही मुलं नको इतक्या वजनाची जन्मली. गरोदरपणात आईच्या रक्तात साखर वाढली की ती मुलाकडे जाते आणि मूल असं फुगतं. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम तुटते, मग काही मुलं मान टाकतात, त्यांना झटके येतात. तुमच्या मुलाचं तेच झालं असं मी म्हणत नाही. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं, आता सांगता येणार नाही. पण असू शकतं."

मी तिच्याकडे बघत होते, पण ती काय बोलतेय ते मला उशिरा ऐकू येत होतं. ज्या गोष्टीसाठी लोकांनी माझं कौतुक केलं होतं, तीच खूण होती. माझं मूल कुणाच्या नजरेनं नाही, माझ्याच रक्तानं गेलं असावं. आणि मला तर काहीही होत नव्हतं. मी विहिरीचं पाणी ओढत होते, दोन वेळचा स्वयंपाक करत होते, पायी दवाखान्यात आले होते.

बाहेर पडल्यावर मी घराकडे जायचं सोडून उलट्या रस्त्यानं चालत राहिले. नदीकडचा उतार लागला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, घर मागं राहिलं." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

यजमानांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला अर्ज बाजूला ठेवला आणि मला सगळं पुन्हा, पहिल्यापासून सांगायला लावलं. मुलाचा भाग आल्यावर ते उठून आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मी गेले तर ते फडताळासमोर नुसते उभे होते.

डॉक्टरीणबाईच्या चिठ्ठीवर आम्ही इंदूरला गेलो. खांडव्याला गाडी बदलून छोट्या लाईनीनं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात मला उपाशीपोटी बसवलं, रक्त घेतलं, मग पेलाभर साखरेचं पाणी दिलं, इतकं गोड की दुसऱ्या घोटाला घशाशी आलं. त्यानंतर दर अर्ध्या तासानं रक्त. दोन तास. शेजारी बाकावर बसलेल्या बाईनं विचारलं, "क्या बीमारी है?" मी म्हटलं, "अभी नहीं है." तिला वाटलं मी थट्टा करतेय. तिनं तोंड फिरवलं.

निकालाचं पाकीट आम्ही बंदच बऱ्हाणपूरला आणलं. डॉक्टरीणबाईनं ते उघडून दोनदा वाचलं.

"उपाशीपोटी तुमची साखर चारचौघींसारखीच आहे," ती म्हणाली. "पाणी प्यायल्यावर चढली, ती सगळ्यांचीच चढते. पण दोन तासांत ती खाली यायला हवी होती. तुमची पुरती आली नाही. आणि मधुमेह म्हणावा इतकी वरही राहिली नाही."

"मग ह्याला म्हणायचं काय?" यजमानांनी विचारलं. त्यांना कागदाला शीर्षक लागायचं.

"त्यावर आमचंच एकमत नाही. कुणी मधुमेहाच्या आधीची अवस्था म्हणतात. पण मधुमेह झाला तरच आधीची. झालाच नाही तर कशाच्या आधीची म्हणणार?"

"होणार की नाही, तेवढं सांगा."

तिनं कागद टेबलावर ठेवला. "तुमच्या पत्नीसारख्या काही बाया माझ्यासमोर बसल्या, तर त्यातल्या काहींना पुढं होईल, काहींना कधीच होणार नाही. कुणाला, हे मला कळत नाही. वडिलांना असणं, मुलांची वजनं आणि हा कागद, तिन्हींवरून ह्यांना होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, इतकं मी म्हणू शकते. ह्याहून जास्त सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

मला आजार आहे असं ती म्हणाली असती तर मी बहुधा रडले असते आणि मग कामाला लागले असते. पण हे असं होतं की रडायलाही काही हातात नव्हतं. कितीतरी दिवस मी भाकरी थापता थापता थांबायची आणि आपल्या हाताकडे बघायची. हात तसाच होता.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "रोग नाही म्हणते अन् पथ्य लावते, ही कोणती डॉक्टरी?" त्या म्हणाल्या. "भली चंगी सून नेली अन् अशी सोचात पाडून आणली." पथ्य काही फार नव्हतं. गोड बंद, भात थोडा, वजन वाढू द्यायचं नाही, रोज चालायचं, सहा महिन्यांनी लघवी तपासायची. मी सकाळी ताप्ती नदीपर्यंत चालत जायला लागले, तर गल्लीतल्या बायांनी सासूबाईंना विचारलं, सून रोज उठून कुठं जाते? सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तिचा नेम आहे." माझ्याशी वाद घालायच्या, पण बाहेर त्यांनी माझ्यावर एक शब्द येऊ दिला नाही.

मुलाचं मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते यजमानांनी सांगितलं, मी नसताना. मी नदीवरून आले तर सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मी तुला सातव्या महिन्यापासून रोज जिलबी खाऊ घालत होते, मावा जिलबी. तू नको म्हणत होतीस."

"आत्याबाई, जिलबीनं नाही झालं ते," मी म्हटलं. मला तरी कुठं ठाऊक होतं.

"तू नको म्हणत होतीस," त्या पुन्हा म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाटलं राग आहे. तो राग नव्हता, हे मला त्या गेल्यावर समजलं.

दोन वर्षांनी मी तिसऱ्यांदा गरोदर राहिले. ह्या वेळी डॉक्टरीणबाई दर आठवड्याला ती निळी नळी दिव्यावर धरायची. सहा महिने ती निळीच राहिली. सातव्या महिन्यात एका सकाळी ती माझ्या डोळ्यांसमोर हिरवी झाली, मग पिवळट. दोन वर्षं मी ह्याच रंगाची वाट बघत होते म्हणा ना, तरी मी म्हणाले, दुसरी नळी लावून बघा. तिनं मला धरून खाटेवर बसवलं. इन्सुलिनची सुई सुरू झाली. दिवस भरायच्या आधीच आम्ही इंदूरला जाऊन राहिलो, आणि तिथं मुलगी झाली. नर्सनं सांगितलं, वजन साडेसात पौंड. म्हणजे पावणेचार शेरही नाही. यजमान पुन्हा पुन्हा विचारत होते, "फक्त साडेसात ना?" नर्सला कळेना की हा माणूस वजन कमी असल्याचा आनंद का करतोय. बाळंतपणानंतर माझी साखर परत खाली गेली आणि सुई सुटली.

डॉक्टरीणबाईची पुढं बदली झाली. मी चालत राहिले, तपासत राहिले. तीस वर्षं नळी निळी राहिली, आणि मग एका वर्षी राहिली नाही. माझं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढं होतं. तरुण डॉक्टरानं फार हळुवारपणे सांगितलं, त्याला वाटलं मला धक्का बसेल. मी विचारलं, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर.

आता त्या मधल्या अवस्थेला नाव आहे आणि आकडेही आहेत. उपाशीपोटी शंभर ते एकशे पंचवीस, असं प्रयोगशाळेच्या कागदावर छापून येतं. मधे काही वर्षं तो आकडा एकशे दहापासून धरत, मग शंभरावर आणला. म्हणजे एकशे पाच असलेली माणसं एका निर्णयानं रेषेच्या अलीकडून पलीकडे गेली. अंगात काही न बदलता.

गेल्या महिन्यात शेजारची सून असाच कागद घेऊन आली. तिशीही गाठलेली नाही, शाळेत शिकवते. कागदावर एका आकड्याभोवती गोल केलेला होता.

"काकू, मुझे शुगर हो गई क्या?" तिनं विचारलं. मग मराठीत, "मला झालाय का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग काय झालंय?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिला आधी बसायला सांगितलं.